भटक्या गवयांची साधी गाणी? मुळीच नाही

मध्ययुगीन फ्रान्समधल्या प्रेमगीतांबद्दल एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. दावा असा, की गावोगाव भटकणारे गरीब गवई प्रेयसीच्या खिडकीखाली ल्यूट (बोटांनी छेडायचं तंतुवाद्य) छेडत ही साधीसुधी गाणी ठेक्यात म्हणायचे आणि त्यांच्या मूळ चाली केव्हाच नाहीशा झाल्या. सोबत ढोल आणि बॅगपाइपचा व्हिडिओ. या गाण्यांवर माझा जीव आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

‘गरीब भटके.’ ज्याच्या रचना आज हाती आहेत असा सर्वांत जुना त्रुबादूर, म्हणजे दक्षिण फ्रान्समधला कवी-गीतकार, तो अक्विटेनचा ड्यूक, नववा गियोम. जन्म १०७१चा. शंपान्यचा तिबो १२३४ मध्ये नावारचा राजा झाला आणि त्याच्या नावावर कितीतरी प्रेमगीतं आहेत. सगळेच सरदार-राजे होते असं नाही. आदाम द ला आल हा गीतकार आरास शहरातला साधा नागरिक. फिरस्ते कलावंत होतेच, पण ते बरेचदा दुसऱ्यांनी रचलेलं गायचे.

‘चाली नाहीशा झाल्या.’ दक्षिणेतल्या, ऑक्सितान भाषेत रचणाऱ्या त्रुबादूरांपुरतं हे बऱ्याच अंशी खरं आहे: सुमारे २५०० कवितांपैकी जेमतेम दहाव्या हिश्शाची चाल मिळते. पण उत्तरेत जुन्या फ्रेंचमध्ये रचणाऱ्या त्रुवेरांच्या हजारावर चाली हस्तलिखितांत लिहिलेल्या आहेत.

‘साधीसुधी.’ इथे मला थांबायलाच हवं. दियाच्या काउंटेसचं ‘आ शांतार’ हे गीत घ्या. फसवणाऱ्या प्रियकराविरुद्धची ही तक्रार. स्त्री त्रुबादूरांच्या रचनांपैकी चालीसकट टिकलेली ही एकुलती एक. चाल पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या तेराव्या शतकातल्या हस्तलिखितात आहे. कडवं सात ओळींचं. पहिल्या दोन ओळींची चाल तिसरी-चौथीला तशीच येते. पाचवी आणि सहावी ओळ नवी वाट धरतात, आणि सातवी पुन्हा दुसऱ्या ओळीच्या चालीवर येऊन टेकते. तक्रार वाढत जाते तरी बांधणी सुटत नाही. दोनदा तेच, मग नवं, ही घडण त्रुवेरांच्या शेकडो गीतांत सापडते. हे ठरवून, घासूनपुसून केलेलं काम आहे.

आता ठेका. बहुतेक हस्तलिखितांत सूर कोणता ते कळतं, तो किती वेळ धरायचा ते कळत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पिएर ओब्री आणि जाँ बेक या अभ्यासकांनी पॅरिसच्या बहुस्वरी (एकाच वेळी अनेक चाली चालणाऱ्या) संगीतातले तीन-तीनच्या मापाचे लयीचे साचे या गीतांना लावले, आणि ही कल्पना आधी कोणाची यावरून दोघांचं चांगलंच वाजलं. पुढे हेंड्रिक व्हॅन डर वेर्फसारख्या अभ्यासकांनी शब्दांच्या ओघाने जाणारी मोकळी लय मांडली. मला तीच पटते, कारण ओळीच्या शेवटाकडे एकेका अक्षरावर तीन-चार सूर येतात तिथे घट्ट माप लावलं की गाणं अवघडतं. नाचाच्या गाण्यांना ठेका होताच, पण ती वेगळी जात. व्हिडिओतला ढोल आजच्या वादकांनी घातलेला आहे.

राहिली ल्यूट. हस्तलिखितांत फक्त गळ्याची एक ओळ आहे, वाद्यासाठी काहीही लिहिलेलं नाही. १३०० च्या सुमारास पॅरिसमध्ये संगीतावर लिहिणारा योहानेस द ग्रोकेओ तंतुवाद्यांत पहिला मान देतो तो गजाने वाजणाऱ्या विएलला. म्हणून ऐकायचंच असेल तर आधी नुसत्या आवाजातलं, फार तर एका विएलच्या साथीचं ध्वनिमुद्रण शोधा.