मोडेमला कुलूप लावा हो!

चोपड्याच्या कापसाच्या जिनिंगमधल्या मोडेमचा, म्हणजे फोनच्या लाइनवरून कॉम्प्युटर जोडणाऱ्या डब्याचा, कॉलबॅक आज पुन्हा बंद! किती वेळा सांगायचं? मी जळगावहून फोन लावला की मोडेमने पासवर्ड विचारायचा, लाइन तोडायची आणि ठरलेल्या नंबरवर उलटा फोन करायचा. तेवढंच तर कुलूप आहे तिथे. तेही ‘वेळ लागतो’ म्हणून काढतात. इंटरनेटकडून घुसणाऱ्यांना अडवणाऱ्या फायरवॉलवर पैसे ओतायचे आणि त्याच नेटवर्कला मागून फोनची वायर सताड उघडी! ओळीने नंबर फिरवून मोडेम हुडकणारे प्रोग्राम जुनेच आहेत. वर लांबच्या मशीनवर काम करायला टेलनेट, म्हणजे पासवर्डही उघडाच जातो. तेच काम सांकेतिक करून पाठवणारं एसएसएच वापरा म्हटलं की ‘लाइन स्लो आहे’. अरे, नुसत्या अक्षरांच्या कामाला ५६ के, म्हणजे सेकंदाला ५६ हजार बिट, भरपूर होतात! परवा गेलो तर मोडेमवर रुईचा थर, आणि त्यावर चिकटपट्टीने लावलेला पासवर्ड.