पश्चिमेची भिंत आधी, एसी नंतर

"तीन बेडरूमला तीन एसी, वर तीन किलोवॅटचं सोलर. बिल शून्य! झालं की पर्यावरणपूरक घर," असं म्हणत संज्याने नव्या घराचा नकाशा कट्ट्यावर पसरला. विजापूर रोडला तीस बाय चाळीसचा प्लॉट, तोंड पश्चिमेला. आणि पश्चिमेची जवळजवळ सगळी भिंत काचेची! कशासाठी, तर एलिव्हेशनसाठी, म्हणजे घराचा दर्शनी भाग उठून दिसावा म्हणून.

माझं त्याच्याशी तिथेच वाजलं. सोलापुरात मेच्या दुसऱ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो. भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळपास लागतच नाही. ते दिवसभर स्लॅबवर तळपतं, आणि तीननंतर तिरपं होऊन थेट पश्चिमेच्या भिंतीवर येतं. एवढं खाली आलेलं ऊन दोन फुटी छज्ज्याला जुमानत नाही. साधी विटांची भिंतसुद्धा रात्री जेवणं झाल्यावर हात लावला तर गरम लागते. काचेतून तर ऊन सरळ आतच येणार.

"पण वीज घरचीच ना?" संज्या ऐकेना.

चांगल्या उन्हात तीन किलोवॅटमधून दिवसाला बारा युनिटच्या आसपास वीज मिळते. तीन एसी रात्रभर चालले तर तेवढ्यात भागत नाही. सूर्यघर योजनेत ७८,००० रुपये अनुदान आहे, ते जरूर घ्यावं. पण आधी घर तापवायचं आणि मग विकतच्या यंत्राने ते थंड करायचं, हे मला पटत नाही.

बापू म्हणाले, "आमच्या धाब्याच्या, मातीच्या छताच्या घरात मे महिन्यात पंखासुद्धा नव्हता."

"आणि किल्लारी विसरलात का, बापू?" मीनाताईंचं आजोळ औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ची ती भूकंपाची पहाट त्यांच्या घरात अजून बोलली जाते. बापूंनी मान खाली घातली.

इथे इरफान बोलला. तो बांधकामं घेतो, त्यामुळे त्याचं सगळे ऐकतात. "दोष एकट्या मातीचा नव्हता, मीनाताई. जाड दगडी भिंतींच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना सांधणारे आरपार दगडच नव्हते, आणि डोक्यावर मातीचं एवढं ओझं. आज विटांत बांधायचं तरी जोत्याला, लिंटलला म्हणजे दारं-खिडक्यांच्या वर, आणि छताखाली काँक्रीटचा सलग पट्टा हवाच."

मग त्याने केरळात लॉरी बेकर यांनी रुळवलेलं रॅट-ट्रॅप वीटकाम समजावलं. वीट आडवी न ठेवता कडेवर उभी लावायची, म्हणजे नऊ इंची भिंतीत मध्ये पोकळी राहते. विटा साधारण पाव हिश्शाने कमी लागतात, पोकळीतली हवा उष्णता अडवते, आणि कोपऱ्यांवर त्याच पोकळीतून सळई घालून काँक्रीट भरता येतं. "पण वीट एका मापाची पाहिजे आणि गवंडी हाताचा सरळ. वाकडंतिकडं चिणून वर प्लास्टर थापणाऱ्याचं हे काम नाही." असा गवंडी मिळाला तर त्याला दोन पैसे जास्त द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्लॅबवर मात्र वाद झाला नाही. ब्रिकबॅट कोबा म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, त्यावर पांढरे चायना चिप्स म्हणजे चिनी मातीच्या फरशीचे तुकडे, आणि सोलरची पॅनेलं उंच स्ट्रक्चरवर, म्हणजे खाली सावलीही मिळते.

अडलं ते नैऋत्येच्या कोपऱ्यावर. मालकाची खोली तिथेच हवी, असं संज्याच्या आईचं म्हणणं. वास्तूप्रमाणे ते बरोबर असेल, पण घरातला सगळ्यात तापणारा कोपरा तोच. आईंना दुखवायचं कारण नाही. इरफानने पेन घेतलं आणि खोली नैऋत्येलाच ठेवून चार फूट आत सरकवली. पश्चिमेच्या बाहेरच्या अंगाला जिना, संडास-बाथरूम आणि अडगळीची खोली घेतली. ऊन तिथेच थांबेल. खोलीला खिडकी दक्षिणेची, तिला चांगला छज्जा.

"आईला हे चालेल," संज्या नकाशा न्याहाळत म्हणाला. हॉलच्या काचेचं मात्र तो अजून सोडत नाही. नकाशा मंजुरीला जायचाय; त्याच्या आधी ती काच निघेपर्यंत मी त्याच्या मागे लागणार आहे.