दुकानदारीचा आरोप आणि चार फॉन्टचा रिपोर्ट

सर, नमस्कार. उत्तराला उशीर झाला. सेमिस्टरचा शेवट होता आणि तुमची प्रतिक्रिया दोन ओळींत वाटेला लावण्यासारखी नव्हती.

मागच्या लेखात मी आमच्या विद्यापीठातल्या उद्योजकतेच्या वर्गाबद्दल लिहिलं होतं. त्यात विज्ञानातली पीएच.डी.ची मुलं, डिझाइनची मुलं आणि कॉमर्स-मॅनेजमेंटची मुलं एकत्र बसतात. त्यावर तुम्ही लिहिलंत की उद्योजकता शिकवून येत नाही, आंतरविद्याशाखीय म्हणजे सगळ्यांना थोडं थोडं आणि कुणालाच धड नाही, आणि संशोधन करणाऱ्या विद्यापीठाने दुकानदारीच्या नादी लागू नये. शेवटी विचारलंत, आजवर कंपन्या किती निघाल्या?

शेवटापासून सुरू करते. दोन. त्यातली एक बंद पडली. आकड्यावरच वाद घालायचा असेल तर तुम्ही जिंकलात.

‘कुणालाच धड नाही’ हेही पहिल्या वर्षी शब्दशः खरं होतं. मी मोठ्या हौसेने प्रत्येक गटात एकेक विद्याशाखा वाटली होती, जेवणाच्या ताटात वाढतात तशी. इंजिनीयरने वस्तू करायची, डिझाइनवाल्याने ती देखणी करायची, कॉमर्सवाल्याने शेवटी एक्सेलची शीट जोडायची. सेमिस्टरच्या अखेरीला एका गटाचा रिपोर्ट हातात आला, त्यात चार वेगवेगळे फॉन्ट होते. प्रत्येकाने आपापलं प्रकरण घरी बसून लिहिलं होतं आणि कुणीतरी रात्री ते एका फाइलमध्ये चिकटवलं होतं. पान १२ वरची किंमत आणि पान ३१ वरची किंमत एकमेकींना ओळखतही नव्हत्या. तो रिपोर्ट मी अजून टेबलाच्या खणात ठेवलाय.

दुसऱ्या वर्षी वाटप बंद केलं. आता गटाला आधी एक अडचण निवडावी लागते आणि सगळ्यांनी मिळून ती अडचण असलेल्या माणसांकडे जावं लागतं. कॉमर्सच्या मुलाला प्रयोगशाळेतून आणि रसायनशास्त्राच्या मुलीला ग्राहकाच्या दारातून सुटका नाही.

याचं एक उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे. एक पीएच.डी.ची विद्यार्थिनी पाण्यातले जिवाणू ओळखणारा सेन्सर करत होती. नेहमीच्या पद्धतीत जिवाणू वाढवून बघायला साधारण १८ ते २४ तास जातात, तिचा सेन्सर तासाभरात सांगायचा. दोन वर्षं ती एकाच गोष्टीच्या मागे होती: संवेदनशीलता वाढवायची, अजून कमी जिवाणू पकडायचे. गट जलशुद्धीकरण केंद्रांतल्या लोकांना भेटायला लागला. तिसऱ्या की चौथ्या भेटीत एक तंत्रज्ञ म्हणाला, “तासात कळलं, ठीक. पण चुकून ‘आहे’ असं दाखवलं आणि मी पाणी बंद केलं, तर फोन कुणाला येणार?” गटातल्या अकाउंट्सच्या मुलाने लगेच विचारलं, महिन्यात अशा किती चुका चालतील? तंत्रज्ञाने थोडा विचार करून सांगितलं, “एक. दुसरीनंतर मी तुमचं यंत्र कपाटात ठेवीन.”

सर, तुम्ही आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलंत, असं तुम्हीच लिहिलंय. तेव्हा पुढचं तुम्हाला माझ्याआधी दिसेल. संवेदनशीलता वाढवत नेली की खोट्या इशाऱ्यांचं प्रमाणही सहसा वाढतं. ही मुलगी दोन वर्षं ज्या दिशेला धावत होती, ती वापरणाऱ्याच्या गरजेच्या नेमकी उलटी होती. ती परत प्रयोगशाळेत गेली आणि सेन्सरच्या पृष्ठभागावर जिवाणूंखेरीज काय काय चिकटतं यावर काम करायला लागली. तिच्या प्रबंधातलं सगळ्यात कसदार प्रकरण आज तेच आहे, आणि त्यातलं रसायनशास्त्र कुठेही पातळ झालेलं नाही. कंपनी निघाली नाही. आमच्या दोनात ती धरलेली नाही.

म्हणून ‘शिकवून येत नाही’ या वाक्याशी माझं अर्धंच जमतं. धाडस शिकवता येत नाही, मान्य. पण अनोळखी माणसाला त्याच्या कामाबद्दल विचारायचं कसं, आपली कल्पना त्याच्या गळी न उतरवता गप्प कसं बसायचं, हे शिकवता येतं, आणि ते आमच्या हुशार मुलांना अजिबात येत नसतं. पहिल्या मुलाखतीत ती व्याख्यान देऊन येतात. संशोधनाला पैसा देणाऱ्या अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०११ मध्ये आय-कॉर्प्स हे संशोधकांसाठीचं प्रशिक्षण सुरू केलं ते याच पायावर: संशोधक, तरुण विद्यार्थी किंवा पोस्टडॉक आणि उद्योगातला एक मार्गदर्शक, असा गट सात आठवड्यांत शंभरेक लोकांना भेटतो. आम्हाला शंभर झेपत नाहीत, आम्ही तीसवर थांबतो.

स्टॅनफर्डच्या एका वर्गातलं ‘एम्ब्रेस’चं उदाहरण तुम्ही ऐकलं असेल. विद्यार्थ्यांना काम मिळालं होतं स्वस्त इन्क्युबेटर करण्याचं, कमी वजनाच्या बाळांसाठी. त्यांच्यातला एक जण नेपाळला गेला तर दवाखान्यात दान आलेले इन्क्युबेटर रिकामे उभे होते आणि बाळं खेड्यांत, दवाखान्यापासून लांब. मग इन्क्युबेटरचा नाद सुटला आणि मेणासारख्या पदार्थाची ऊब धरून ठेवणारी, झोपायच्या पिशवीसारखी दुपटी तयार झाली. वर्गात बसून हे सुचलं नसतं.

आता दुकानदारी. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी स्टीनबॉक यांनी अन्नावर अतिनील किरण सोडून त्यात ड जीवनसत्त्व तयार करण्याची रीत शोधली आणि तिचं पेटंट सांभाळायला १९२५ मध्ये वेगळी संस्था उभी राहिली. तेव्हा विद्यापीठाने शोधाला बाजारात नेणं हे कालपरवाचं खूळ नाही. दुसरी बाजूही सांगते. १९७३ मध्ये कोहेन आणि बॉयर या शास्त्रज्ञांनी डीएनए जोडण्याच्या तंत्रावरचा पेपर छापला, पेटंटचा विचारही तेव्हा त्यांच्या डोक्यात नव्हता. स्टॅनफर्डच्या परवाना कार्यालयातल्या, म्हणजे विद्यापीठाचे शोध वापरण्याचे परवाने कंपन्यांना विकणाऱ्या कार्यालयातल्या, नील्स रायमर्स यांनी मागे लागून अर्ज करवला, तो १९७४ च्या नोव्हेंबरमध्ये, अमेरिकी कायद्यात शोध छापल्यावरही अर्ज करायला मिळणारी वर्षाची सवलत संपायला काही दिवस उरले असताना. बहुतेक इतर देशांत अशी सवलत नव्हती, तिथले हक्क छापील पेपरबरोबरच गेले. आमची मुलं आजही परिषदेत पोस्टर लावून येतात आणि मग विचारतात, मॅडम, पेटंटचं काय? पेपर आधी की अर्ज आधी, हे संशोधकाला ठाऊक असलं म्हणजे तो दुकानदार होत नाही.

तुमची भीती मात्र मी झटकून टाकत नाही. परवान्याच्या पैशावर विद्यापीठं श्रीमंत होतात हा गैरसमज आहे. भरपूर पैसा देणारी कोहेन-बॉयरसारखी पेटंटं बोटांवर मोजण्याइतकी, अनेक विद्यापीठांची परवाना कार्यालयं स्वतःचा खर्चसुद्धा काढत नाहीत. आणि धंद्याची कल्पना मांडायच्या पिच स्पर्धा! तीन मिनिटांचं भाषण, मोठा चेक, फोटो. आम्हीही एक वर्ष घेतली. जिंकलेल्या गटाने एकाही ग्राहकाशी बोललेलं नव्हतं, हे बक्षीस दिल्यावर कळलं. परीक्षकांत मी होते, तेव्हा बोलायला तोंड नाही. आता आम्ही मुलाखतींच्या वह्यांना गुण देतो. यंदा सर्वाधिक गुण मिळालेल्या गटाचा निष्कर्ष आहे, ‘ही वस्तू कुणालाच नको आहे’, आणि त्याला पुरावा २८ भेटींचा.

खरी अडचण तुमच्या तिन्ही मुद्द्यांत नाहीच, सर, ती कागदावर आहे. तीन विभागांचे तीन शिक्षक एक वर्ग घेतात, मग वर्कलोड, म्हणजे शिकवण्याचे तास, कुणाचा धरायचा? तिघांनाही एक तृतीयांश धरला तर दोघे पुढच्या वर्षी येत नाहीत. क्रेडिट कुठल्या विभागाचं? आणि गाईडला वाटतं, आपली विद्यार्थिनी सात आठवडे बाहेर हिंडतेय म्हणजे पेपर लांबणार. त्या सेन्सरवाल्या मुलीच्या गाईडनी पहिल्या वर्षी सही दिली नव्हती, माझ्याशी महिनाभर बोलतही नव्हते. यंदा त्यांनीच दुसरा विद्यार्थी पाठवलाय, वर चिठ्ठी: ‘याला भेटी द्यायला लावा, पण शुक्रवारी मला लॅबमध्ये हवा.’

वर्कलोडची फाइल दोन वर्षं फिरतेय. गेल्या आठवड्यात ती ‘कोणत्या विभागाशी संबंधित?’ असा शेरा घेऊन परत माझ्याच टेबलावर आली.