छिंग दाय, कोलायटिस आणि ‘भीती पसरवण्याचा’ आरोप

सप्रेम नमस्कार.

आपला आक्षेप थोडक्यात असा : छिंग दाय हे चिनी परंपरेतले जुने, वनस्पतिजन्य औषध आहे, अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये (मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण होण्याच्या विकारात) त्याचा गुण येतो हे जपानी डॉक्टरांनीच दाखवले, आणि तरीही मी त्याविषयी भीती पसरवतो आहे. आपण स्वतः ही पूड ऑनलाइन मागवून रोज अर्धा चमचा घेता आणि रक्त पडणे थांबले आहे, असेही आपण लिहिले आहे.

गुण येतो याबद्दल माझा वाद नाहीच. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या जपानी चाचणीत 86 रुग्ण होते. आठ आठवड्यांनी प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच मात्रा) घेणाऱ्यांपैकी 13.6 टक्के लोकांना उतार पडला, तर रोज दोन ग्रॅम छिंग दाय घेणाऱ्यांपैकी 81 टक्के लोकांना. मात्र ही चाचणी ठरलेल्या मुदतीआधीच थांबवावी लागली, कारण बाहेरून ही पूड आणून सुमारे सहा महिने घेणाऱ्या एका रुग्णाच्या फुप्फुसाच्या धमन्यांमधला रक्तदाब वाढल्याचे आढळले होते. डिसेंबर 2016 मध्ये जपानच्या आरोग्य मंत्रालयाने इशारा दिला. पुढे देशभर केलेल्या पाहणीत ही पूड घेतलेले 877 रुग्ण सापडले, त्यांतल्या 11 जणांना हाच विकार झालेला होता, आणि यकृताच्या तक्रारी त्याहून कितीतरी जास्त होत्या.

नीळ देणाऱ्या झाडांची पाने पाण्यात कुजवून, चुना घालून घुसळल्यावर वर येणारा निळा फेस वाळवला की छिंग दाय तयार होते. त्यातली इंडिगो आणि इंडिरुबिन ही द्रव्ये पेशींमधल्या एका ग्राहक-प्रथिनाला (रिसेप्टरला) चेतवतात, त्यातून आतड्याचे अस्तर भरून येण्यास मदत होते. हे काम एखाद्या जोरकस रसायनाचे आहे, आणि म्हणूनच ‘वनस्पतिजन्य आहे, अपाय काय करणार’ हा युक्तिवाद मला पटत नाही. परंपरेचा दाखलाही इथे अपुरा पडतो. तोंडातले फोड, घशाची सूज यांसाठी वैद्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या वापरले हे खरे, पण कोलायटिसचा रुग्ण ते महिनोन्‌महिने घेत राहतो, आणि फुप्फुसातला दाब नाडी पाहून कळत नाही.

स्टेरॉइडचेही दुष्परिणाम असतात, हा आपला मुद्दा रास्तच आहे. चेहरा सुजणे, साखर वाढणे हे रुग्णांना पाठ असते. पण तिथे डॉक्टरला काय तपासायचे हे ठाऊक असते आणि गोळीत किती मिलिग्रॅम आहेत हेही ठाऊक असते. आपल्या अर्ध्या चमच्यात किती ग्रॅम बसतात आणि त्या पुडीत इंडिरुबिन किती, हे विकणाराही सांगू शकणार नाही. दर घाण्याला ते बदलते.

तेव्हा माझी विनंती एवढीच, की आपल्या पोटविकारतज्ज्ञांना ही पूड दाखवा, रागावतील म्हणून लपवू नका. यकृताची रक्ततपासणी आणि टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या, जिना चढताना धाप लागेपर्यंत थांबू नका. काही जणांचा वाढलेला दाब पूड बंद केल्यावर उतरला आहे. आणि चालू असलेली मेसालामाइनची (कोलायटिसच्या नेहमीच्या औषधाची) गोळी आपण बंद केली असेल, तर तेही त्यांना त्याच भेटीत सांगा.