बेल्जियमच्या राजाने कायदा रोखला नव्हता

‘बेल्जियमच्या राजाने १९९० मध्ये सही नाकारून गर्भपाताचा कायदा हाणून पाडला आणि तत्त्वासाठी गादी सोडली,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. त्यातली सही नाकारल्याची गोष्ट तेवढी खरी.

संसदेने कायदा मंजूर केल्यावर राजे बोदुआँ यांनी पंतप्रधान विल्फ्रिड मार्टेन्स यांना पत्र लिहून कळवले, की माझी सद्सद्विवेकबुद्धी सहीला तयार नाही, पण लोकशाहीची अडवणूकही मला करायची नाही. मार्ग तुम्हीच काढा. मार्ग भन्नाट निघाला. राजा राज्य करण्यास असमर्थ असेल तर त्याचे अधिकार मंत्रिमंडळाकडे जातात, ही तरतूद राज्यघटनेत होतीच. खरे तर ती आजारपण वगैरेंसाठी. ४ एप्रिलला राजा असमर्थ ठरला, मंत्र्यांनीच सह्या केल्या, आणि ५ एप्रिलला संसदेने त्याला पुन्हा अधिकार बहाल केले. म्हणजे कायदा झाला आणि राजाही राहिला, १९९३ मध्ये मृत्यू येईपर्यंत.

शेजारच्या लक्झेंबर्गने २००८-०९ मध्ये एवढीही कसरत केली नाही. तिथे ग्रँड ड्यूक (म्हणजे तिथले राजेच) आन्री इच्छामरणाच्या कायद्याला संमती द्यायला तयार नव्हते. मग राज्यघटनाच दुरुस्त करून संमतीचा अधिकार काढून घेतला; त्यांच्याकडे उरले फक्त कायदा जारी करणे.