बीएएसएफच्या स्थलांतराचा अर्धवट दाखला

जनुकीय बदल केलेल्या पिकांचे समर्थक एक दाखला हमखास देतात: विरोधकांनी बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीला युरोपातून हुसकावले, तिचे पीक-जैवतंत्रज्ञान संशोधन २०१२ मध्ये अमेरिकेत गेले, हजारो शास्त्रज्ञ बेकार झाले, आणि तणनाशक-सहनशील (तणनाशक फवारले तरी न मरणारा) कापूस अडवून धरणाऱ्या भारताचीही तीच गत होणार.

‘हजारो’ हे तर चुकीचेच आहे. जानेवारी २०१२ मध्ये जाहीर झालेली युरोपातील कपात १४० पदांची होती. या विभागाचे जर्मनीतील लिंबुर्गरहोफ येथील मुख्यालय अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायनातील रॅले येथे हलवण्यात आले आणि जर्मनीतील गाटर्सलेबेन व स्वीडनमधील स्वालोव येथील केंद्रे बंद करण्याचे ठरले. बर्लिन आणि बेल्जियममधील गेंट येथील संशोधन मात्र युरोपातच राहिले. अर्थात १४० पदेही क्षुल्लक नव्हेत, कारण गाटर्सलेबेनसारख्या लहान गावात अशा विशेषज्ञाला दुसरी नोकरी सहज मिळत नाही.

विरोध हे एक कारण होते, हे मान्यच करायला हवे. कंपनीनेच ते सांगितले होते. अ‍ॅम्फ्लोरा या औद्योगिक स्टार्चसाठीच्या बटाट्याचा अर्ज १९९६ चा, त्याला मंजुरी मिळाली २०१० मध्ये, आणि तीही २०१३ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने रद्द केली. इतका विलंब कोणत्याही कंपनीला परवडणारा नाही. तथापि, उत्तर आणि दक्षिण अमेरिका याच आपल्या मुख्य बाजारपेठा आहेत, हेही कंपनीने त्याच वेळी सांगितले होते, आणि दाखला देणारे नेमके तेवढेच गाळतात.

विरोध नसेल तिथे या नोकऱ्या सुरक्षित राहतात, हे गृहीतक तर चारच वर्षांत कोसळले. २०१६ मध्ये बीएएसएफने याच विभागातील जवळपास निम्मी पदे कमी करण्याचे जाहीर केले आणि त्यांपैकी सुमारे १४० उत्तर अमेरिकेतील होती. तिथे युरोपासारखे ना आंदोलन होते, ना अडलेली मंजुरी. पुढे २०१८ मध्ये मोन्सँटो ही अमेरिकी बियाणे कंपनी विकत घेणाऱ्या बायर या जर्मन कंपनीला स्पर्धा नियामकांच्या अटींमुळे आपला बहुतांश बियाणे व्यवसाय विकावा लागला, तेव्हा तो घेतला बीएएसएफनेच, आणि त्यासोबत गेंट येथील मोठे संशोधन केंद्रही तिच्याकडे आले. युरोपचे धोरण तोवर सैल झालेले नव्हते.

राहिला भारत. जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीने २०१६ मध्ये मोन्सँटोच्या तंत्रज्ञानाच्या नव्या तणनाशक-सहनशील कापसाचा मंजुरी-अर्ज मागे घेतला, तो मोर्चांना घाबरून नव्हे. वाद होता तंत्रज्ञान शुल्कावरील सरकारी नियंत्रणाचा आणि ते तंत्रज्ञान स्थानिक बियाणे कंपन्यांना देण्याच्या प्रस्तावित सक्तीचा.