"कुणी पकडून दिला?"

गेल्या रविवारी सकाळी मी काठावर गुडघाभर पाण्यात उभी होते. दोन्ही हात ओले, हातांत चांगला मोठा कार्प, तोंडातून हुक नुकताच काढलेला. मागून एक गृहस्थ चालले होते, ते थांबले. मनापासून कौतुकाने म्हणाले, "वा, काय मासा आहे! कुणी पकडून दिला?"

आसपास माणूस नव्हता. एकच रॉड होता, तोही माझा. गृहस्थ सज्जन होते, टोमणा मारायचा त्यांचा मुळीच इरादा नव्हता, आणि म्हणूनच मला हे लिहावंसं वाटलं. मी आठ वर्षांची असल्यापासून गळ टाकतेय. आता साठीला आलेय. या पन्नास वर्षांत हाच प्रश्न मी नाना तोंडांनी ऐकलाय. "मिस्टरांनी शिकवलं वाटतं?" "आज नशीब जोरावर आहे तुमचं." "बायकांना मासे कसे काय लागतात कळत नाही बुवा." प्रत्येक वेळी मासा माझ्या हातात असतो आणि श्रेय दुसऱ्या कुणाला तरी जातं. मला हे लागतं. अजूनही लागतं.

सुरुवातीपासून सांगते. बाबा दादाला गरवायला घेऊन जायचे. दादाला दहा मिनिटांत कंटाळा यायचा, तो दगड मारत बसायचा, बाबा वैतागायचे. एकदा दादा आजारी पडला आणि मी हट्ट धरून त्याच्या जागी गेले. बाबांनी पहिला धडा दिला तो चालण्याचा. "पाय आपटू नकोस. तो अंगाने ऐकतो." तेव्हा वाटलं, बाबा गंमत करतायत. पुढे वाचलं की माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते. त्या रेघेत पाण्याची बारीकशी हालचालसुद्धा टिपणारी इंद्रियं असतात, आणि काठावर पडलेल्या जड पावलाचा हादरा जमिनीतून पाण्यात उतरतो. बाबांनी यातलं काही वाचलेलं नव्हतं. त्यांना फक्त माहीत होतं.

दुसरा धडा वाकण्याचा. माशाला पाण्याबाहेरचं सगळं जग एका गोल खिडकीतून दिसतं. पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो, त्यामुळे खालून वर बघणाऱ्या माशाच्या डोळ्यात साधारण 97 अंशांच्या शंकूत अख्खं आकाश आणि काठ मावतो. त्या खिडकीच्या कडेला सगळं चेपून बुटकं दिसतं. जो वाकून, जरा मागे बसतो तो त्या कडेत हरवतो. जो ताठ उभा राहतो तो दिसतो. मी आजही काठावर गेले की आधी बसते, मग सामान काढते.

गाठीचंही सांगते, कारण त्यातच सगळं येतं. हुकाच्या डोळ्यातून दोरा ओवायचा, पाच-सहा पीळ द्यायचे, टोक मागच्या फाशातून घ्यायचं. आणि आवळण्याआधी गाठ तोंडात धरून ओली करायची. कोरडी गाठ खसकन ओढली की नायलॉन नायलॉनवर घासतो, तापतो, आणि नेमका तिथेच कमजोर होतो. दिसायला गाठ तशीच दिसते. मोठा मासा लागला की तिथेच तुटते आणि माणूस म्हणतो, "नशीब फुटकं." नशिबाचा काय संबंध? थुंकी लावायला विसरलास.

या "नशीब" शब्दाशी माझं भांडण आहे ते असं.

वीसेक वर्षांपूर्वी एका स्पर्धेत मी उतरले होते. सगळे फ्लोट, म्हणजे दोऱ्याला लावलेली तरंगती खूण, खाली जायची वाट बघत होते. फ्लोट बुडाला की हिसका, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मी शिशाचा जड मणी हुकापासून चार बोटांवर लावून तळाला टेकवला होता आणि फ्लोट असा तोलला होता की त्या मण्याच्या भारानेच तो पाण्यात नीट उभा राहील. अशा मांडणीत मासा तळाशी तोंड खाली करून आमिष घेतो आणि मग सरळ होतो. सरळ होताना मणी तळावरून उचलला जातो, फ्लोटवरचा भार जातो, आणि फ्लोट बुडायच्या ऐवजी वर येतो. आधी थोडा, मग जास्त, आणि शेवटी आडवा पडतो. आडवा पडेपर्यंत थांबलं तर बऱ्याचदा माशाने आमिष थुंकलेलं असतं. वर उठायला लागला की त्याच क्षणी हिसका द्यायचा. हे ओळखायला मला अकरा वर्षं लागली. बाबांना येत होतं, पण ते शब्दांत सांगू शकायचे नाहीत.

त्या दिवशी सगळ्यात जड मासा माझा निघाला. वजन करणाऱ्यांनी काटा वाचला आणि मान वर करून माझ्या नवऱ्याला विचारलं, "साहेब, आमिष काय लावलं होतंत?" नवरा बिचारा पुस्तक वाचत बसला होता. त्याने गळ जन्मात धरलेला नाही. तो म्हणाला, "मला काय माहीत? तिला विचारा." त्यांनी विचारलं नाही. हसले आणि म्हणाले, "लेडीज लक!" कागदावर नावसुद्धा आधी त्याचं लिहिलं होतं, ते खोडून माझं घातलं. तो खोडलेला कागद मी ठेवलाय.

माझा मुद्दा इतकाच आहे की पुरुषाने मासा पकडला तर आपण विचारतो, "कशावर घेतला? किती खोल होता? पाणी कसं होतं?" बाईने पकडला तर विचारतो, "कोण होतं बरोबर?" पहिले प्रश्न कौशल्याचे आहेत, दुसरा साक्षीदार शोधणारा.

आणि हे माझ्या एकटीचं नाही, आजचंही नाही. मी या बाबतीत बरंच वाचून काढलंय. इंग्रजीत गळाच्या मासेमारीवर छापलेला सर्वात जुना निबंध 1496 चा. तो जुलियाना बर्नर्स नावाच्या मठाधिपती बाईंनी लिहिला असं परंपरेने म्हणतात. पण त्या निबंधावर तिचं नाव नाही आणि अभ्यासक त्याबद्दल शंका घेतात. ती शंका मला रास्त वाटते, म्हणून मी तिचा दाखला देत नाही. जिच्याबद्दल शंकेला जागाच नाही तिचा देते.

जॉर्जिना बॅलंटाइन. स्कॉटलंडमधली टे नदी, 7 ऑक्टोबर 1922 ची संध्याकाळ. होडीत दोघं, ती आणि तिचे वडील. वडील वल्ह्यांवर, रॉड तिच्या हातात. सॅमन लागला आणि त्याने होडीला नदीभर फिरवलं. दोन तासांहून जास्त वेळ ती झुंजली, अंधार पडला, आणि मासा बाहेर आला तेव्हा भरला 64 पौंड, म्हणजे 29 किलो. लांबी 54 इंच. ब्रिटनमध्ये रॉडने पकडलेल्या सॅमनचा तो विक्रम शंभर वर्षं उलटून गेली तरी मोडलेला नाही.

पुढचं ऐका. मासा गावातल्या दुकानाच्या काचेमागे मांडला होता, बघायला गर्दी. ती स्वतः त्या गर्दीत मागे उभी राहिली, कुणी ओळखलं नाही. पुढे दोन म्हातारे बोलत होते. असा मासा बाई पाण्याबाहेर काढूच शकत नाही, आपल्याला घोडा आणि कप्पी लागेल, हे सगळं खोटं आहे, असा त्यांचा सूर. तिने ते ऐकलं, मनातल्या मनात हसली आणि बस पकडायला गेली. ही आठवण तिनेच सांगून ठेवलीय.

मी तिच्या जागी असते तर हसू शकले नसते, एवढं खरं.

काही जण आजही म्हणतात, "पण वल्ही वडिलांनी मारली ना!" हो, मारली. त्या नद्यांवर उमराव मंडळी मासे धरायची तेव्हाही होडी दुसराच कुणी वल्हवायचा. त्यांच्या विक्रमांपुढे नावाड्याचं नाव कुणी लिहिलं का? नावाड्याचं श्रेय मलाही मान्य आहे. फक्त ते सगळ्यांच्या बाबतीत मान्य करा.

आणि ती एकटी नव्हती. पुढच्याच वर्षी, 1923 च्या मार्चमध्ये, डोरीन डेव्ही हिने वाय नदीत साडेएकोणसाठ पौंडांचा सॅमन पकडला. 1924 मध्ये मिसेस मॉरिसन यांनी डेव्हरन नदीत 61 पौंडांचा, तोही फ्लायवर, म्हणजे हुकावर पिसं बांधून केलेल्या खोट्या किड्यावर. ओळीने तीन वर्षं, तीन नद्या, तीन बायका. यावरून लोकांनी काय शोधून काढलं माहितीय? वास! बाईच्या अंगाला विशिष्ट गंध असतो आणि नर सॅमन त्याला भुलतो, असं सांगणारे लोक मला प्रत्यक्ष भेटलेत. या कल्पनेला एक धागा खरा आहे. माणसाच्या कातडीत एल-सेरीन नावाचा घटक असतो आणि सॅमन त्याच्या वासाने बिचकतात, हे 1950 च्या दशकातल्या संशोधनात दिसलं. म्हणून तर मी आमिष लावण्याआधी हात काठावरच्या मातीने चोळते. पण "हाताचा वास माशाला नको असतो" इथून "बाईचा वास माशाला हवा असतो" इथपर्यंत उडी मारायची, आणि त्या उडीवर तीन बायकांचं सगळं कसब वाहून न्यायचं, हे मला पटत नाही. दोन तास दोरा ताणलेला ठेवणं हे वासाने होत नाही. ते मनगटाने होतं, खांद्याने होतं, आणि माशाने धाव घेतली की कधी दोरा सोडायचा या अकलेने होतं.

ताकदीचंही तसंच. "लांब फेकायला जोर लागतो." अमेरिकेतली फ्लाय टाकणारी जोन वुल्फ. लहानपणी वडील तिच्या भावाला फेकायला शिकवायचे, तिला नाही. तिने वडिलांचा रॉड नेला आणि पहिल्याच दिवशी त्याचं टोक तळ्यात पडलं. त्याच मुलीने 1951 मध्ये लांब फेकीची स्पर्धा सगळ्या पुरुषांना मागे टाकून जिंकली, आणि 1960 मध्ये तिची फेक 161 फुटांवर गेली. हे जोराने होत नाही. रॉड मागे नेताना दोऱ्याच्या वजनाने तो वाकतो, स्प्रिंगसारखा भरतो. दोरा मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं, मग पुढे आणायचा आणि पुढे नेमका थांबवायचा. थांबवला की रॉड सरळ होतो आणि साठवलेली ताकद दोऱ्यात जाते. जोर करणारा माणूस थांबवायला विसरतो, म्हणून त्याचा दोरा पायाशी पडतो. मी कितीतरी तगड्या मुलांना हे शिकवलंय.

अजून एक गोष्ट आहे जी कौतुक म्हणून सांगतात. "बायकांकडे पेशन्स असतो हो." मला हेही आवडत नाही. गळ टाकून बसणं म्हणजे वाट बघणं नव्हेच. वाट बघणारा घड्याळ बघतो. मी वारा बघते, कारण वाऱ्याने वरचं पाणी आणि त्यावरचं खाद्य समोरच्या काठाला ढकललं जातं. बुडबुडे बघते. तळ उकरणाऱ्या माशामागून बारीक बुडबुड्यांची रांग येते, चिखलातला नुसता वायू सुटला तर एकाच जागी दोन-चार मोठे फुगे येतात. ऊन चढलं की सामान आवरते, कारण पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो, मासा आधीच दमलेला असतो आणि सोडून दिला तरी वाचायची खात्री नसते. सोडणारीने एवढं पाळायलाच हवं. हुकाचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकायचा, हात ओले केल्याशिवाय माशाला शिवायचं नाही, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचं रोगापासून रक्षण करतो. फोटोसाठी मासा हवेत धरून पाच-पाच मिनिटं हसणारे लोक बघितले की माझ्या पोटात कालवतं. जाळं पाण्यात ठेवा, कॅमेरा तयार ठेवा, मग उचला, दोन सेकंद, परत खाली.

तर, आईबद्दल सांगून थांबते.

माझ्या या नादाला सगळ्यात जास्त विरोध आईचा होता. "मुलीच्या जातीने चिखलात बसायचं का?" इथून सुरुवात, आणि लग्न झाल्यावर "सासरी काय म्हणतील?" बाबा गेले, तिची ऐंशी उलटली, ती माझ्याकडे राहायला आली. तिला एकटीला घरी सोडवत नव्हतं, म्हणून मी तिला बरोबर नेऊ लागले. घडीची खुर्ची, अंगावर शाल, हातात जपाची माळ. पहिले काही महिने ती पाण्याकडे पाठ करून बसायची. मग कधीतरी खुर्ची वळली. मी काही बोलले नाही. ती विचारायला लागली, "आज कुठे टाकलास?" "किती खोल आहे गं तिथे?" बाबांच्या इतक्या वर्षांच्या सोबतीत तिने हे कधी विचारलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात एकदा मी खाली वाकून दोऱ्याचा गुंता सोडवत होते. दुसरा रॉड टेकूवर होता, फ्लोट पाण्यात. आई एकदम हळू आवाजात, अगदी बाबांसारखं, ओठ न हलवता म्हणाली, "अगं, उठतोय बघ."

मी मान वर केली. फ्लोट बोटभर वर आला होता. माझा हात पोचण्यासारखा नव्हता. रॉड तिच्या खुर्चीला लागून होता.

"आई, तूच घे!"

तिने माळ मांडीवर टाकली आणि दोन्ही हातांनी रॉड उचलला.